पानगळीत झाड लावताना : नर्सरीतून काही सूचना (अमेरिका, थंडीची राज्यं)

मधुमालती | १४ सप्टेंबर

सेंट्रल न्यू जर्सीतल्या एका नर्सरीत मी झाडांच्या विभागात काम करते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबर उजाडला की बहुतेक लोक शेवंतीच्या कुंड्या आणि भोपळे घेऊन परत जातात. आपली मराठी मंडळीही त्यात असतात. मोठं झाड लावायचं असेल तर आत्ताचा मुहूर्त वसंतापेक्षा चांगला, हे मी रोज कोणा ना कोणाला सांगते, म्हणून म्हटलं एकदा मराठीत नीट लिहून ठेवावं.

मृगाचा पाऊस पडला की झाडं लावायची, हे आपल्या मनात पक्कं असतं. त्यामागचं कारण साधं आहे. पुढचे तीन-चार महिने मुळांना ओल मिळणार असते आणि उन्हाचा ताप नसतो. इथे तशी परिस्थिती पानगळीत येते. हवा थंडावते, पण उन्हाळाभर तापलेली जमीन हळूहळू निवते. पानांची पाण्याची मागणी उतरणीला लागलेली असते, त्यामुळे झाड आपली ताकद मुळांकडे वळवतं. मातीचं तापमान साधारण ४० फॅरनहाइटच्या खाली जाईपर्यंत मुळं वाढत राहतात. एप्रिलमध्ये लावलेल्या झाडाला मुळं धरायच्या आत पालवी फोडावी लागते आणि लगेच जुलै-ऑगस्ट झेलावा लागतो. आत्ता लावलेलं झाड तोच उन्हाळा बऱ्याच जास्त मुळांनिशी बघतं.

वेळेचा हिशोब असा करा : तुमच्याकडे भुई कधी गोठते ते बघा आणि त्याच्या किमान सहा आठवडे आधी झाड जमिनीत गेलेलं असू द्या. न्यू जर्सीत सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पानझडी झाडं लावता येतात. स्प्रूस, पाइन, थुजा ही सदाहरित मंडळी मात्र त्याआधी उरकावीत, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यांच्या पानांतून हिवाळाभर थोडं थोडं पाणी जात राहतं आणि जमीन गोठली की मुळांना ते भरून काढता येत नाही.

सगळीच झाडं आत्ता लावू नयेत. बर्च, मॅग्नोलिया, डॉगवूड, ट्यूलिप ट्री, स्वीटगम, बरेचसे ओक आणि चेरी-प्लमच्या जातीची झाडं पानगळीत मुळं धरायला वेळ लावतात. ती वसंतात लावा. सेलमध्ये निम्म्या किमतीला मॅग्नोलिया दिसला तरी हात आवरा. मेपल, लिंडन, हनीलोकस्ट, क्रॅबॲपल, सर्व्हिसबेरी ही आत्ता बिनधास्त घ्या.

आता खड्डा. आमच्याकडे परत आणलेली मेलेली झाडं बघितली तर सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे झाड फार खोल गाडलेलं असतं. बुंधा जमिनीजवळ येताना रुंदावतो आणि मुळांत उतरतो, तो घेर लावल्यावरही मातीच्या वर दिसला पाहिजे. कुंडीतल्या किंवा गोणपाटात बांधलेल्या झाडाचा हा घेर पुष्कळदा दोन-तीन इंच मातीखाली दडलेला असतो. वरची माती बोटांनी उकरून तो आधी शोधा आणि मग खड्ड्याची खोली ठरवा. मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्याच्या उंचीपेक्षा खोल खणू नका. रुंदीला मात्र दुप्पट-तिप्पट खणा, कारण नवी मुळं आडवी पसरतात. जड चिकणमाती असेल तर गड्डा इंच-दोन इंच वरच राहू द्या.

कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर सुरीने उभे काप द्या किंवा ती मोकळी करा. नाही तर ती तशीच गोल फिरत जाडावतात आणि काही वर्षांनी बुंध्यालाच आवळतात. गोणपाटात बांधलेलं झाड असेल तर ते खड्ड्यात बसवल्यावर बुंध्याभोवतीची दोरी आणि वरचं गोणपाट कापून काढा. तारेची जाळीही निदान वरच्या अर्ध्या भागाची काढायची. गोणपाट प्लॅस्टिकच्या धाग्याचं असेल तर ते कुजत नाही, सगळं काढावंच लागतं. ओळखायचं असेल तर एक धागा जाळून बघा. वितळला तर प्लॅस्टिक.

खड्ड्यात निघालेलीच माती परत भरा. कंपोस्ट नको, खत नको. (यावर वाद होणार हे मला माहीत आहे, विचारा.) भोवती आळं करा, पाणी द्या, माती बसू द्या, परत पाणी द्या.

वर दोन-तीन इंच लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन घाला आणि बुंध्यापासून तीन इंच जागा मोकळी ठेवा. इथल्या वसाहतींत बुंध्याला टेकवून वारुळासारखा ढीग रचलेला दिसतो. ते बघून तसंच करू नका. सतत ओल राहून साल कुजते, ढिगात उंदीर शिरतात आणि मुळं वर त्या ढिगातच फिरायला लागतात.

खणायच्या आधी ८११ या नंबरवर फोन करा. गॅस, वीज, केबल कुठून गेली आहे ते येऊन फुकट रंगाने आखून देतात. न्यू जर्सीत कामाचे तीन पूर्ण दिवस आधी कळवावं लागतं. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीत झाड लावायचं असेल तर गावाच्या शेड ट्री कमिशनची (सार्वजनिक झाडं बघणाऱ्या समितीची) परवानगी लागते का तेही विचारा.

पाण्याबद्दल वेगळं लिहिते, कारण पानगळीत लावलेली झाडं मरतात ती बहुतेक तहानेने.

---

आडवाटा | १४ सप्टेंबर

फार गरजेचा धागा. वाचनखूण साठवली आहे. आमच्या अंगणात बिल्डरने लावलेला एक मेपल आहे, त्याचा बुंधा खांबासारखा सरळ मातीत जातो, घेर दिसतच नाही. आता काही करता येईल का? झाड सात-आठ वर्षांचं असेल.

---

मधुमालती | १४ सप्टेंबर

@आडवाटा, करता येईल. बुंध्याजवळची माती हाताने किंवा छोट्या खुरप्याने हळूहळू बाजूला करा, पहिली जाड मुळं लागेपर्यंत. बुंध्याला वेढा घालणारी बारीक मुळं दिसली तर कापून टाका. बोटापेक्षा जाड मूळ बुंध्याला चिकटून गेलेलं असेल तर स्वतः कापू नका, प्रमाणित आर्बरिस्टला (झाडांच्या निगेच्या तज्ज्ञाला) दाखवा. त्यांच्याकडे हवेच्या झोताने माती उडवायचं यंत्र असतं, त्याने मुळांना इजा होत नाही.

पाण्याचं लिहिते म्हटलं होतं. बुंध्याच्या जाडीच्या दर इंचामागे एक ते दीड गॅलन पाणी, एका वेळेला. पहिले दोन आठवडे जवळजवळ रोज, त्यानंतर दोन-तीन दिवसांआड, तीन महिने झाले की आठवड्यातून एकदा. पाऊस चांगला झाला तर सोडा. बोट किंवा स्क्रू-ड्रायव्हर मातीत घालून बघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. आपल्याकडे शेतकरी वाफसा बघतात तेच करायचं. कोरडी नको आणि चिखलही नको. पानं गळून गेली म्हणून पाणी थांबवू नका, भुई गोठेपर्यंत देत राहा. गवताचे स्प्रिंकलर झाडाला पुरत नाहीत, ते वरवर भिजवतात.

---

माळरान | १५ सप्टेंबर

२०२४ची पानगळ आठवत असेल न्यू जर्सीकरांना. ऑक्टोबरमध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. राज्यात १८९५पासून नोंदी आहेत, त्यातला सगळ्यात कोरडा महिना. १३ नोव्हेंबरला राज्याने दुष्काळाचा इशारा दिला होता. आमच्या गल्लीत त्या सप्टेंबरमध्ये तिघांनी सर्व्हिसबेरी लावली होती. दोघांकडे बुंध्याला बांधायची ती हिरवी पाण्याची पिशवी होती, वीस गॅलनची, तळाच्या बारीक भोकांतून पाणी झिरपतं. त्या दोन्ही जगल्या. तिसरी मे महिन्यात फुटलीच नाही.

"पानगळीत पाऊस असतोच" हे गृहीत धरू नये, एवढंच मधुमालतीताईंच्या म्हणण्याला जोडतो.

---

मधुमालती | १५ सप्टेंबर

@माळरान, अगदी बरोबर. ती पिशवी चांगली, फक्त हिवाळ्यात काढून ठेवा. सालीला सतत ओल लागते आणि आत उंदीर-किडे आसरा घेतात.

---

खरीप_रब्बी | १५ सप्टेंबर

मी मुलाकडे ओहायोत, कोलंबसला आलो आहे, मूळ सांगली जिल्ह्यातला. शेती आमची पिढीजात. खड्ड्यात खत नको हे मला पटलेलं नाही. आंब्याचं कलम लावायचं तर आम्ही एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा उन्हाळ्यात खणतो, तापू देतो, मग तळाशी पालापाचोळा, त्यावर चांगली माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत, सुपर फॉस्फेट. त्याशिवाय कलम धरत नाही. कृषी विद्यापीठंही हेच सांगतात. मग इथलं शास्त्र उलटं कसं?

---

मधुमालती | १५ सप्टेंबर

@खरीप_रब्बी काका, तुम्ही विचारलंत हे बरं झालं. तुमची पद्धत चुकीची नाहीच. फरक जमिनीचा आहे. आपल्याकडे कलम बहुतेक वेळा मुरमाड, उथळ जमिनीत लावतात. फूटभर मातीखाली खडक किंवा मुरूम. तिथे खोल खड्डा खणून चांगली माती भरणं म्हणजे झाडाला जागा करून देणं. खड्डा तापवल्याने हुमणी, वाळवी, बुरशीही कमी होते.

ओहायोत किंवा न्यू जर्सीत वसाहतीच्या अंगणात माती खोल असते, पण पुष्कळदा जड आणि बांधकामाच्या यंत्रांनी दाबलेली. त्यात भुसभुशीत, कंपोस्टची माती भरलेला खड्डा केला की दोन गोष्टी होतात. पावसाचं, बर्फाचं पाणी आजूबाजूच्या घट्ट मातीतून बाहेर निघत नाही, खड्ड्यात साठून राहतं आणि मुळं गुदमरतात. दुसरं, मुळांना आतली मऊ माती आवडते, ती बाहेरच्या कठीण मातीत शिरायला बघत नाहीत. शिवाय कंपोस्ट कुजून आक्रसतं आणि झाड खाली खचतं, म्हणजे परत बुंध्याचा घेर मातीखाली.

कंपोस्ट वाया घालवू नका, वरून घाला. आच्छादनाखाली इंचभर पसरलंत की पावसाबरोबर उतरतं. रासायनिक खत पहिल्या वर्षी नकोच. पानगळीत नत्र दिलं तर मुळं बसलेली नसताना झाडाला पालवीकडे ढकलल्यासारखं होतं.

---

खरीप_रब्बी | १६ सप्टेंबर

आता पटलं. आमच्याकडेही काळ्या भारी जमिनीत डाळिंबाला खोल खड्डा करत नाहीत, गादीवाफ्यावर लावतात, पाणी साठू नये म्हणून. कारण तेच. मुलाच्या अंगणातली माती हातात घेतली तर मूठ सुटतच नाही, इतकी चिकट. तिथे उंचवट्यावरच लावू.

आता दुसरा प्रश्न. परवा इथे बाजारात पॉपॉ नावाचं फळ खाल्लं. गर पिवळा, चमच्याने खायचा, बिया मोठ्या काळपट. वास केळ्या-आंब्याचा, पण पोत थेट सीताफळाचा. हे झाड अंगणात होईल का?

---

सीताफळ_बासुंदी | १६ सप्टेंबर

काका, पोत सीताफळाचा वाटला कारण ते सीताफळाच्या कुळातलंच आहे! ॲनोनेसी कुळ जवळजवळ सगळं उष्ण प्रदेशातलं, आणि हा एक भाऊ बर्फात राहायला शिकला. ओहायोत तर ते रानात ओढ्याकाठी आपोआप येतं. २००९पासून पॉपॉ हे ओहायोचं अधिकृत देशी फळ आहे आणि दर सप्टेंबरात ऑल्बनी गावाजवळ लेक स्नोडनला त्याचा उत्सव भरतो. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत यावर कितीतरी वर्षं संशोधन चालू आहे, चांगल्या जाती तिथून आल्या आहेत.

आमच्याकडे (सिनसिनाटीजवळ) दोन झाडं आहेत. हरणं पानांना तोंड लावत नाहीत, हा मोठा फायदा. फळ झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत खाऊन संपवावं लागतं, म्हणून दुकानात दिसत नाही. गराची बासुंदी करताना एक सांगते, पॉपॉ शिजवू नका. दूध आटवून पूर्ण गार झाल्यावर गर मिसळा. साल आणि बिया अजिबात पोटात जाऊ देऊ नका. काहींच्या पोटाला गरही सोसत नाही, पहिल्यांदा दोन चमचेच खा.

---

मधुमालती | १६ सप्टेंबर

@सीताफळ_बासुंदी, सुंदर माहिती. लावण्यापुरतं जोडते : पॉपॉ पानगळीत लावू नका. मुळं मांसल आणि ठिसूळ असतात, दुखावली की पटकन भरून येत नाहीत. वसंतात लावा, कुंडीतलं रोप घ्या, रानातून उपटून आणू नका. एकाच जातीची दोन झाडं चालत नाहीत, वेगवेगळ्या जातीची दोन हवीत, नाही तर फळ धरत नाही. परागीभवन माश्या आणि भुंगेरे करतात. लहान रोपाला पहिली एक-दोन वर्षं थोडी सावली करा. कलमी रोप तीन-चार वर्षांत फळाला येतं, बियांपासूनचं त्याहून बरंच उशिरा.

जागा मात्र आत्ताच निवडा आणि माती तपासून घ्या. प्रत्येक राज्यात विद्यापीठाची एक्स्टेंशन सेवा असते, न्यू जर्सीत रटगर्सची, ओहायोत ओहायो स्टेटची. सामू म्हणजे पीएच किती, चुना घालायचा का, ते ते सांगतात. चुना किंवा गंधक मातीत उतरायला महिने लागतात, म्हणून तपासणीची वेळ पानगळीचीच.

---

निळी_जांभळी | १७ सप्टेंबर

गंधकावरून आठवलं. ब्लूबेरी लावायची आहे, एडिसनला. आत्ता लावू की थांबू?

---

मधुमालती | १७ सप्टेंबर

माती तपासल्याशिवाय लावू नका. ब्लूबेरीला सामू ४.५ ते ५.५ लागतो आणि आपल्या अंगणातला बहुतेक त्याच्या वर असतो. वर असेल तर आत्ता गंधक घालून ठेवा. ते जमिनीतल्या जिवाणूंमुळे काम करतं आणि थंडीत ते जिवाणू मंदावतात, तेव्हा उशीर करू नका. रोपं वसंतात. आज जगभर लावतात ती उंच झुडपाची ब्लूबेरी न्यू जर्सीतच माणसाळली. व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी पाइन बॅरन्स या रानातली रानटी झुडपं निवडून पैदास केली, पहिलं विक्रीचं पीक १९१६चं. तिथली माती आम्लधर्मी, रेताड. तशी करून द्यावी लागते.

---

झोन_पाच | १७ सप्टेंबर

मिनीआपोलिसकडून लिहितो. मध्य न्यू जर्सीचं वेळापत्रक इकडे चालणार नाही. आमच्याकडे सदाहरित झाडं सप्टेंबरअखेर उरकावी लागतात आणि पानझडी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. २०२३मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीच्या झोनचा नवा नकाशा काढला, त्यात अर्ध्या देशाचा झोन अर्ध्या पायरीने उबदार झाला. ते वाचून लोक काठावरची झाडं घ्यायला लागले आहेत. तो नकाशा १९९१ ते २०२० या काळातल्या दरवर्षीच्या सगळ्यात थंड रात्रींची सरासरी सांगतो. सरासरीपेक्षा थंड रात्र येतेच. माझं मत, थंड राज्यांत झाड निवडताना आपल्या झोनपेक्षा एक पायरी कडक असं घ्यावं.

दुसरं, मेपल, क्रॅबॲपल, लिंडन अशा पातळ सालीच्या कोवळ्या झाडांना नोव्हेंबरमध्ये पांढरं आवरण गुंडाळा. हिवाळ्यात दुपारी नैर्ऋत्येचं ऊन सालीला तापवतं, सूर्य मावळला की एकदम गोठतं आणि साल उभी फाटते. एप्रिलमध्ये आवरण काढायचं, उन्हाळ्यात ठेवायचं नाही. आणि ससे! बर्फ साचतो त्या उंचीच्या वर दोन फुटांपर्यंत ते साल कुरतडतात. पाव इंच भोकाची तारेची जाळी लावा, तळाशी थोडी मातीत गाडा म्हणजे उंदीरही शिरत नाहीत.

---

मधुमालती | १७ सप्टेंबर

@झोन_पाच, सगळ्याला अनुमोदन. आमच्याकडे सशापेक्षा हरणांचा त्रास जास्त. सप्टेंबर ते नोव्हेंबर नर शिंगं घासतात आणि त्यांना नेमका दोन-तीन इंची गुळगुळीत बुंधा आवडतो. एका रात्रीत चारी बाजूंनी साल जाते आणि झाड संपतं. नवीन झाडाला त्याच दिवशी पाच फूट उंचीपर्यंत जाळी बांधा. कुंपणाला थुजा लावणार असाल तर 'एमराल्ड ग्रीन' हरणं हिवाळ्यात फस्त करतात, 'ग्रीन जायंट'ला सहसा कमी त्रास देतात.

---

डॅलसची_माई | १८ सप्टेंबर

आमच्या टेक्सासात तर पानगळीतच लावावं. इथे जमीन गोठण्याची भीती नाही, मारतो तो उन्हाळा. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही लावा. राज्याचा आर्बर डेसुद्धा नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी असतो, देशाच्या आर्बर डेसारखा एप्रिलमध्ये नाही. आपल्या वनमहोत्सवासारखाच, ऋतू बघून ठरवलेला.

---

टाउनहाउस_२बी | १८ सप्टेंबर

आम्ही भाड्याने राहतो, जमिनीत काही लावता येत नाही. कढीपत्ता, मोगरा आणि एक लिंबू कुंडीत आहे, उन्हाळाभर बाल्कनीत. कधी आत घ्यायचं? मागच्या हिवाळ्यात कढीपत्त्याची सगळी पानं गळाली होती, जगला मात्र.

---

अंगणवेल | १८ सप्टेंबर

आमचा कढीपत्ता आता डोक्याच्या वर गेला आहे, म्हणून सांगते. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायच्या आत आत घ्या, त्याहून ५५लाच घेतलेलं बरं. एकदम आत नेऊ नका, आठवडाभर सावलीत ठेवा. आणण्याआधी पानं खालून-वरून धुवा, खवले कीड आणि लाल कोळी घरात आले की हिवाळाभर छळतात. दक्षिणेची खिडकी द्या. आत आल्यावर पानं गळणं हे उजेड कमी झाल्यामुळे होतं. घाबरून जास्त पाणी घालू नका, मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावरच द्या. खत मार्चपर्यंत बंद. मोगऱ्याला थोडा गारवा चालतो, लिंबाला उजेड भरपूर लागतो.

---

मधुमालती | १८ सप्टेंबर

@अंगणवेल, याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. एक जोडते. कढीपत्ता हा लिंबूवर्गीय झाडांच्याच कुळातला आहे आणि लिंबू-संत्र्याची झाडं मारणारा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा त्याच्यावर वाढतो. म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या लिंबू-संत्र्याच्या राज्यांत ही रोपं नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. नातेवाइकांकडून गाडीत घालून रोप आणू नका, परवानाधारक नर्सरीचंच घ्या.

---

शेवंतीची_वेणी | १९ सप्टेंबर

दसऱ्याला दारात ठेवायला दरवर्षी शेवंतीच्या कुंड्या आणते. नंतर जमिनीत लावते पण पुढच्या वर्षी येत नाहीत. काही उपाय?

---

मधुमालती | १९ सप्टेंबर

फुललेली शेवंती आणतो तेव्हा तिची सगळी ताकद फुलांत गेलेली असते, मुळं धरायला वेळच उरत नाही. आत्ताच, कळ्या असतानाच आणा, लगेच जमिनीत लावा आणि दसऱ्याला तिथेच फुलू द्या. फुलं सुकली की फांद्या कापू नका, तशाच राहू द्या, वर पाचोळा घाला. वाळलेल्या फांद्या खालच्या कोंबांना थंडीत आडोसा देतात. एप्रिलमध्ये कापा. तरीही सगळ्या येतील असं वचन देत नाही, कारण दुकानातल्या काही जाती थंडीला टिकणाऱ्या नसतातच.

छाटणीबद्दलही इथेच सांगते, कारण पानगळीत सगळ्यांचे हात शिवशिवतात. लायलॅक, फोर्सिथिया, अझेलिया यांच्या पुढच्या वसंताच्या कळ्या आत्ता तयार आहेत. आत्ता छाटलंत तर फुलं गेली. मोठ्या झाडांची छाटणी हिवाळ्याच्या शेवटी, झाड झोपेत असताना. ओक तर वसंतात आणि उन्हाळ्यात अजिबात छाटू नका, ओक विल्ट या रोगाची बुरशी पसरवणारे भुंगेरे ताज्या जखमेवर येतात. मोडकी, वाळलेली फांदी मात्र केव्हाही काढा.

---

आडवाटा | २० सप्टेंबर

बुंधा उकरला. चार इंच खाली घेर सापडला! दोन बारीक मुळं वेढा घालून होती, ती कापली. एक अंगठ्यापेक्षा जाड आहे, त्यासाठी आर्बरिस्टला बोलावलं आहे.

शेजाऱ्यांच्या ब्रॅडफर्ड पेअरला (शोभेच्या नाशपातीच्या झाडाला) वादळात मधोमध चीर गेली, ते तोडणार आहेत आणि परत तेच लावू म्हणतात. काय सांगू त्यांना?

---

सीताफळ_बासुंदी | २० सप्टेंबर

सांगा की ओहायोत जानेवारी २०२३पासून ते विकायलाच बंदी आहे. पेनसिल्व्हेनियात आणि साउथ कॅरोलायनातही २०२४पासून. फांद्या अरुंद कोनात फुटतात म्हणून वादळात फाटतात, आणि पक्षी बिया नेतात त्या रानात काटेरी झाडोरा करतात. त्याऐवजी सर्व्हिसबेरी सुचवा. वसंतात तशीच पांढरी फुलं, जूनमध्ये खाण्यासारखी फळं, पानगळीत केशरी रंग.

---

मधुमालती | २० सप्टेंबर

@आडवाटा, छान काम केलंत. ती जागा परत मातीने बुजवू नका, पाणी साठत नसेल तर तशीच उघडी राहू द्या. आणि शेजाऱ्यांना सर्व्हिसबेरीच सांगा. जुन्या झाडाचं खोड यंत्राने पूर्ण काढून घ्यायला सांगा आणि नवीन झाड त्याच खड्ड्यात न लावता चार-सहा फूट बाजूला लावा.

---

माळरान | २१ सप्टेंबर

अंजीर राहिलं. आमच्या भागातले म्हातारे इटालियन लोक अंजीर गोणपाटात गुंडाळतात, काही तर झाड वाकवून जमिनीत पुरतात. आपण काय करावं?

---

मधुमालती | २१ सप्टेंबर

नवीन अंजीर वसंतातच लावा. जमिनीत असलेल्याला पानं गळल्यावर, एक-दोन चांगले हिमकडाके बसले की नोव्हेंबरच्या मध्याला गुंडाळा. फांद्या दोरीने जवळ घ्या, गोणपाट, आत कोरडा पाचोळा, वरून पाणी शिरणार नाही एवढं झाकण. प्लॅस्टिक थेट फांद्यांना लावू नका, उन्हात आत वाफ धरते आणि बुरशी येते. 'शिकागो हार्डी' जात असेल तर वरचं सगळं मेलं तरी बुडातून फुटतं, फक्त फळं उशिरा येतात. बुडाशी आच्छादन जाड घाला, इथे मात्र हिवाळ्यापुरतं बुंध्याला टेकलं तरी चालेल. एप्रिलमध्ये बाजूला करा.

---

निळी_जांभळी | २२ सप्टेंबर

माती रटगर्सला पाठवली. अजून एक, अंगणातल्या मेपलच्या खोडावर राखाडी, वाळलेल्या चिखलासारखा इंचभर लांब डाग दिसतो आहे. रोग आहे का?

---

मधुमालती | २२ सप्टेंबर

बहुतेक स्पॉटेड लँटर्नफ्लायची अंडी. हा किडा २०१४मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडला, न्यू जर्सीत २०१८ला आला. माद्या सप्टेंबरपासून कडक थंडी पडेपर्यंत अंडी घालतात, एका पुंजक्यात ३० ते ५०. मोठे किडे थंडीत मरतात, अंडी मात्र हिवाळा काढतात आणि एप्रिलच्या शेवटापासून फुटतात. जुन्या कार्डाने खरवडून रबिंग अल्कोहोल किंवा हँड सॅनिटायझर भरलेल्या पिशवीत टाका आणि पिशवी बंद करा. नुसती खाली पाडू नका, जमिनीवर पडलेली अंडीही फुटू शकतात. खोडाबरोबर बाकं, कुंड्या, बार्बेक्यू, गाडीच्या चाकांवरचा भागही बघा. नर्सरीतून झाड घेताना बुंधा आणि कुंडीचा तळ तिथेच तपासून घ्या, आम्ही स्वतः उलटं करून दाखवतो.

---

निळी_जांभळी | २२ सप्टेंबर

तीच निघाली. मेपलवर तीन आणि कुंपणाच्या खांबावर दोन पुंजके. खरवडून पिशवीत घातले. आता बाकीचं कुंपण बघते.